बघणाऱ्याच्या बाजूने काढलेली चित्रं

नवी मुंबईत तळवलीच्या गावठाणातल्या कुठल्याही किराणा दुकानात जा आणि अंडं घातलेल्या केकचं एखादं पाकीट हातात घ्या. कोपऱ्यात एक लहानसा चौकोन दिसेल आणि त्यात तपकिरी त्रिकोण. शेजारच्या बिस्किटाच्या पुड्यावर तसाच चौकोन, पण आत हिरवा गोल. शाकाहारी आणि मांसाहारी. लहान मुलंसुद्धा हे ओळखतात. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या तपकिरी त्रिकोणाच्या जागीही गोलच होता. म्हणजे दोन्ही खुणांचा आकार एक, फरक फक्त रंगाचा. २०२० च्या नव्या लेबल नियमांत अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तो गोल काढून त्रिकोण आणला.

का? कारण काही डोळ्यांना हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. हा दोष बहुतेक वेळा जन्मजात असतो. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांकडे एक्स एकच असल्याने तो पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. अशा माणसाला दोन्ही पाकिटांवर एकाच मळकट छटेचा गोल दिसायचा. आयुष्यभर अंड्याला न शिवलेला माणूस दुकानात उभा राहून जी खूण वाचत होता, ती त्याच्यासाठी कोरीच होती. त्या खुणेला तीन कोन मिळाले आणि प्रश्न सुटला. यंत्र लागलं नाही, पैसा लागला नाही. कुणीतरी एवढंच विचारलं, की ही खूण बघणारा डोळा कुणाचा आहे?

ग्राफिक डिझायनर म्हटलं की आपल्याला लग्नपत्रिका, कंपनीचं बोधचिन्ह, सिनेमाचं पोस्टर आठवतं. समाजाच्या कामाला जुंपलेला डिझायनर मात्र फार वेगळ्या ठिकाणी दिसतो, किंबहुना दिसतच नाही. त्याचं काम यशस्वी झालं की ते डोळ्याआड होतं. आपण योग्य डब्यात चढतो, योग्य गोळी घेतो, योग्य बटण दाबतो आणि इथे कुणी डोकं लावलं होतं हे आपल्या गावीही नसतं. या कामाची रीत साधी आहे. चित्र आपल्या टेबलावर सुरू करायचं नाही. ते वापरणाऱ्या माणसाजवळ जायचं, तो कसा बघतो, कुठे अडखळतो, कशाला घाबरतो, किती घाईत असतो हे पाहायचं. मग कच्चं चित्र काढून त्यालाच दाखवायचं आणि तो चुकला तर त्याला न शिकवता आपलं चित्र बदलायचं. या शेवटच्या पायरीवर खरी परीक्षा असते.

हे सगळं तळवलीतून बघायला मला आवडतं, याला कारण आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसीचा कारखान्यांचा पट्टा, दुसऱ्या अंगाला रबाळे आणि घणसोली, मध्ये हे जुनं गाव. मूळची आगरी-कोळी घरं आणि त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या इमारतींत भाड्याने राहणारी, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली कुटुंबं. एकाच जिन्यावर तीन-चार बोल्या. कुणी पदवीधर, कुणी जेमतेम सही करणारं. सगळ्यांना कळेल अशी एक खूण इथे काढून दाखवा, मग ती बाहेर कुठेही चालेल.

आता मला सर्वांत जास्त थक्क करणारं चित्र. ते नखाएवढं आहे आणि पोलिओच्या लसीच्या कुपीवर असतं. पोलिओ रविवारी बूथवर मुलाला घेऊन जाल तेव्हा ताईंना विनंती करून कुपी जवळून बघा. जांभळट रंगाचा एक गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ‘व्हीव्हीएम’ म्हणतात. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर तो १९९६ पासून येऊ लागला.

लसीची अडचण अशी, की उष्णतेने ती बिघडते आणि बिघडलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. वास नाही, रंग बदलत नाही. कारखान्यातून निघालेली कुपी विमानात, ट्रकमध्ये, शीतपेटीत, शेवटी एखाद्या ताईंच्या खांद्यावरच्या डब्यात येते. वाटेत कुठे वीज गेली, कुठे बर्फ वितळला, कुठे डबा उन्हात राहिला, याची नोंद कोण ठेवणार? ती नोंद हा चौकोन ठेवतो. त्यात असं रसायन असतं की उष्णतेने त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि साखळ्या बनल्या की रंग गडद होतो. जास्त उष्णता, जास्त वेगाने गडद. हा बदल परत फिरत नाही. उन्हात तापलेली कुपी पुन्हा बर्फात ठेवली तरी चौकोन फिका होणार नाही. म्हणजे कुपीने जन्मापासून सोसलेली सगळी उष्णता तिथे बेरीज होऊन लिहिली जाते. ते चित्र आपलं आपण रंगत जातं.

रसायनशास्त्र थोर आहेच, पण मला अधिक भावतो तो बाहेरचा गोल. तो काहीच करत नाही, त्याचा रंग कायम तसाच राहतो. तोच खरा डिझायनरचा हात. समजा नुसता चौकोन असता, तर आरोग्यसेविकेला लक्षात ठेवावं लागलं असतं की किती गडद म्हणजे वाईट. ढगाळ दिवशी एक उत्तर, ट्यूबलाइटखाली दुसरं. गोल शेजारी ठेवल्याने लक्षात ठेवण्यासारखं काही उरलंच नाही. चौकोन गोलापेक्षा फिका, तर लस द्या. गोलाएवढा किंवा त्याहून गडद, तर टाकून द्या. आकडा नाही, तापमापी नाही, अक्षर नाही. दोन रंग शेजारी ठेवून तुलना करणं माणसाच्या डोळ्याला सहज जमतं; एकट्या रंगाची छटा नेमकी सांगणं जमत नाही. ज्याने हे ओळखलं त्याला माणूस कळला होता. या खुणेला गोठण्याने झालेलं नुकसान मात्र कळत नाही, तिला फक्त उष्णता समजते, आणि हेही प्रशिक्षणात सांगावं लागतं. भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या प्रचंड कामात या इवल्या चौकोनाचा वाटा आहे.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. ‘वाचता येत नसेल तर चित्र काढा, चित्र सगळ्यांनाच कळतं’ हे वाक्य सरकारी बैठकांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत ऐकू येतं. ते खरं नाही. चित्र वाचायलाही शिकावं लागतं. आपण ते इतक्या लहानपणी शिकलो की शिकल्याचं आठवत नाही. १९७६ मध्ये नेपाळच्या खेड्यांत युनिसेफच्या साहाय्याने एक पाहणी झाली. अक्षरओळख नसलेल्या प्रौढांना निरनिराळ्या शैलीतली चित्रं दाखवून विचारलं, यात काय दिसतं? साधी रेघोटी माणसं, काळ्या छाया, तपशील गाळलेली ‘आधुनिक’ चित्रं अनेकांना ओळखताच आली नाहीत. आजूबाजूची गर्दी पुसून फक्त विषय ठेवलेले फोटो किंवा छटा दिलेली रेखाटनं बरीच जास्त कळली. शेजारी शेजारी मांडलेली चित्रं म्हणजे एक गोष्ट, आणि ती डावीकडून उजवीकडे वाचायची, हेही बघणाऱ्यांनी गृहीत धरलं नव्हतं. आपल्याकडच्या आरोग्यपत्रकांवर आजही सर्रास असतात ते बाण, फुल्या, विचारांचे ढग हे सगळे संकेत आहेत. ते शाळेत किंवा ‘चांदोबा’ मासिकात शिकलेले असतात.

आणि चुकीचं वाचलं गेलेलं चित्र काय करू शकतं याचं उदाहरण ब्राझीलचं आहे. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतलं तर बाळाचे हातपाय खुंटतात, हे जगाने १९६० च्या सुमारास भोगलं. पुढे कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेवर त्याचा उपयोग होतो असं दिसलं आणि ते काळजीपूर्वक वापरात राहिलं. पाकिटावर इशाऱ्याचं चित्र होतं : गरोदर बाई आणि तिच्यावर आडवी रेघ. काढणाऱ्याच्या मनात अर्थ स्वच्छ होता, गरोदर असाल तर घेऊ नका. काही स्त्रियांनी त्याचा अर्थ घेतला, ही गोळी घेतली की मूल राहत नाही. त्यांनी ती गर्भनिरोधक समजून घेतली. त्या चित्रात रेघ नीट होती, आकृती नीट होती, छपाई नीट होती. फक्त ते ज्यांच्यासाठी होतं त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून धोक्याच्या खुणांची आज रीतसर परीक्षा घेतात. अमेरिकी मानकाप्रमाणे चित्र सामान्य माणसांना दाखवून अर्थ विचारतात. किमान ८५ टक्के उत्तरं बरोबर हवीत. त्यापुढची अट मला अधिक शहाणपणाची वाटते : नेमका उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत. न कळलेलं चित्र माणसाला थांबवतं, तो कुणाला तरी विचारतो. उलटं कळलेलं चित्र त्याला विश्वासाने खड्ड्यात नेतं.

ही परीक्षा आपल्या देशाने जेवढ्या मोठ्या प्रमाणावर दिली तेवढी कुणी दिली नसेल. १९५१-५२ ची पहिली लोकसभा निवडणूक. सुमारे १७ कोटी मतदार आणि त्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नाही. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की यांनी उमेदवार ओळखायचा कसा. उत्तर निघालं ते असं : प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. काही लिहायचं नाही, शिक्का मारायचा नाही. त्यासाठी लाखो लोखंडी पेट्या लागल्या आणि त्यांतल्या बारा लाखांहून अधिक तळवलीहून खाडीपलीकडे, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. बैलजोडी, झोपडी, कणीस-विळा अशी चिन्हं आली. चिन्ह निवडताना निकष एकच असायचा, ही वस्तू माणसाच्या रोजच्या हातातली, डोळ्यासमोरची हवी. पुढे निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी कितीतरी वर्षं अशी चिन्हं पेन्सिलीने काढली. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले, पण अपक्ष उमेदवारांना वाटायच्या यादीतल्या कित्येक वस्तूंची रेखाटनं अजून त्याच वळणाची आहेत.

त्याच निवडणुकीत चित्राने न सुटलेला एक प्रश्नही होता. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच सांगितलं. परक्या पुरुषाला नाव सांगणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. फॉर्ममधला ‘नाव’ हा रकाना आखणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं. रकाना हीसुद्धा ग्राफिक रचनाच असते, आणि तो कुणाला आत घेतो, कुणाला बाहेर ठेवतो हे आखतानाच ठरून जातं.

वेगवेगळ्या पेट्या जाऊन एकच मतपत्रिका आली तेव्हा शिक्का आला. तो शिक्का आठवा : मधून निघालेल्या चार भुजा, प्रत्येक एकाच दिशेने वळलेली. कितीजणांनी तो मारला असेल, पण तो तसाच का, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मतदार शिक्का मारतो, शाई ओली असतानाच कागदाची घडी घालतो. शाईचा ठसा घडीच्या दुसऱ्या बाजूला, भलत्याच उमेदवाराच्या रकान्यात उमटतो. मोजणी करणाऱ्यापुढे दोन ठसे. खरं मत कोणतं? साधी फुली किंवा गोल असता तर सांगणं कठीण, कारण आरशातही फुली ही फुलीच. वळलेल्या भुजांचं तसं नाही. त्यांचं प्रतिबिंब उलट दिशेला फिरतं. मोजणारा एका नजरेत सांगतो, हा मूळ ठसा, हा घडीचा डाग. घाईत, थरथरत्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा मत देणाऱ्या आजीचं मत बाद होऊ नये म्हणून कुणीतरी आरशाचं गणित शिक्क्यात भरून ठेवलं. आपल्या देशातल्या उत्तम ग्राफिक रचनांत मी या शिक्क्याला फार वरचं स्थान देईन.

चिन्हांच्या यादीतून प्राणी-पक्षी का गेले, तेही इथेच सांगायला हवं. प्रचारफेऱ्यांत जिवंत जनावरं मिरवली जात, त्यांचे हाल होत. प्राणिमित्रांनी आवाज उठवल्यावर आयोगाने प्राण्यांची चिन्हं देणं थांबवलं. बसपचा हत्ती आणि गोव्यातल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह आधीपासूनचे म्हणून राहिले. चित्र कागदावर संपत नाही, ते रस्त्यावर काय घडवतं हेही बघावं लागतं, हे त्या निर्णयात दिसतं.

असंच एक चिन्ह १९६० च्या दशकात घराघरांत पोचलं. खाली टोक असलेला लाल त्रिकोण. कुटुंब नियोजनाच्या प्रचाराची सूत्रं तेव्हा दीप त्यागी या अधिकाऱ्याकडे होती. नाजूक विषय, चारचौघांत बोलायची लाज, शेकडो बोली. त्यांनी विषयाचं चित्र काढलंच नाही, एक साधा आकार घेतला. भिंतीवर, बसवर, दवाखान्याच्या दारावर कुठल्याही रंगाऱ्याला तो तीन रेघांत काढता येई. त्रिकोणाचा त्या विषयाशी वरवर काही संबंध नाही. पण सतत, सर्वत्र, एकाच अर्थाने दिसल्याने तो कळू लागला. लाल त्रिकोण दिसला की इथे सल्ला मिळेल, साधनं मिळतील. मग आली आणीबाणी. १९७५ ते ७७ या काळात नसबंदीची सक्ती झाली आणि त्याच कार्यक्रमाच्या नावाने गावं धास्तावली. १९७७ मध्ये सरकारला खात्याचं नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ करावं लागलं. त्रिकोणाची एकही रेघ बदलली नव्हती. खुणेमागे उभी असलेली माणसं जशी वागतात तसा खुणेचा अर्थ होतो, आणि समाजासाठी काम करणाऱ्या डिझायनरला यातून सुटका नाही. तो म्हणू शकत नाही, की मी फक्त चित्र दिलं.

कुठल्याही रंगाऱ्याला जमेल अशा चित्राचं आणखी एक उदाहरण कोल्हापूरचं. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हाची खुली स्पर्धा झाली आणि निवड झाली ती कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांच्या चष्म्याची. गांधीजींचा चष्मा, एका भिंगात ‘स्वच्छ’, दुसऱ्यात ‘भारत’. नवी मुंबईत पुलांच्या खांबांवर, नाल्यांच्या भिंतींवर तो इतक्यांदा रंगवलेला आहे की आता आपण तिकडे बघतही नाही. पण त्यातली एक खुबी बघण्याजोगी आहे. माणसाचा चेहरा काढायचा तर हात चांगला लागतो. चेहरा जरा बिघडला की गांधीजी हरवले. चष्मा मात्र शाळेतला मुलगाही काढतो आणि गांधीजी ओळखू येतात. देशभरातल्या हजारो अनाम रंगाऱ्यांच्या हाताला झेपेल असं चित्र देणं, हा रंगाऱ्याचाही विचार झाला. आणि चष्मा आपल्याकडे बघतो आहे, हे तर त्यात आहेच.

आता ज्या उदाहरणासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येतो. मुंबईचे डबेवाले. मावळ, जुन्नर, खेड, आंबेगाव या भागांतले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम कोविडच्या आधी सुमारे पाच हजार माणसं करत होती. त्यांच्या शिस्तीचं, वेळेचं कौतुक खूप होतं, हार्वर्डपर्यंत झालं. पण डब्याच्या झाकणाकडे ग्राफिक रचना म्हणून बघा.

झाकण तळहाताएवढं. त्यावर मधोमध ठळक आकडा : डबा कुठल्या भागात उतरायचा. कडेला पोचवणाऱ्या माणसाची खूण, इमारतीची एक-दोन अक्षरं आणि मजला. दुसऱ्या बाजूला, डबा जिथून निघाला त्या स्थानकाची खूण, म्हणजे दुपारी रिकामा डबा परत त्याच वाटेने जाईल. बस्स. ग्राहकाचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. हे ‘नाही’च त्यातलं खरं कसब आहे. एक डबा वाटेत कितीतरी हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला त्यातलं एकच चिन्ह हवं असतं. दादरच्या फलाटावर वर्गवारी करणाऱ्याला फक्त मधला आकडा. त्याला इमारतीशी कर्तव्य नाही. शेवटी पोचवणाऱ्याला फक्त इमारत आणि मजला. त्याला स्थानकाशी कर्तव्य नाही. ग्राहक कुठल्या टेबलाशी बसतो हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं, मग ते झाकणावर कशाला लिहायचं? गाडी स्थानकात थांबते अर्धा-पाऊण मिनिट. तेवढ्यात लगेजच्या डब्यातून खाली उतरवायचं, वर चढवायचं. त्या घाईत ज्याला जे हवं तेच सर्वांत मोठं दिसलं पाहिजे. म्हणून आकडा मधोमध आणि जाड.

पूर्वी रंगीत दोरे आणि चिंध्या बांधत, मग रंग आले, मग अक्षरं आली. ही लिपी कुठल्या स्टुडिओत झाली नाही. जे वापरत होते त्यांनीच ती रोज वापरून घासली, जे चुकत होतं ते बदललं, जे लागत नव्हतं ते पुसलं. डिझायनरने लोकांना विचारावं, असं आपण म्हणतो. इथे विचारणारा आणि सांगणारा एकच. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी जोडपं १९५८ मध्ये भारत सरकारसाठी अहवाल लिहायला आलं तेव्हा त्यांना सर्वांत मोठं नवल लोट्याचं वाटलं होतं : कुणा एकाने न घडवलेली, पिढ्यांच्या हातांनी गोल होत गेलेली वस्तू. त्यांनी झाकणावरची ही लिपी जवळून पाहिली असती तर तिच्यावरही चार पानं लिहिली असती, असं मला मनापासून वाटतं.

शिकलेल्या डिझायनरचं काम यामुळे कमी होत नाही. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र, आपलं आयडीसी, सुरू झालं आणि पिढ्यान्पिढ्या मराठी अक्षरांवर तिथे निगुतीने काम झालं. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक संगणकाबरोबर आपसूक येऊ लागला आणि लाखो लोकांनी पडद्यावर पहिलं मराठी त्यातच वाचलं. पुढे मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ आला, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला, कुणालाही फुकट वापरता येईल असा. हे काम सुंदर अक्षरांपुरतं नसतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ हे लहान आकारात, स्वस्त कागदावर, अंधुक उजेडात वेगळे दिसतात का, वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला पुरेशी जागा आहे का, याचा निवाडा तिथे होतो. औषधाच्या पुडीवरची सूचना आजोबांना चष्म्याविना लागेल की नाही, ते या रेघांच्या जाडीवर ठरतं.

लोकलमधली एक खूणही सांगतो, कारण रबाळ्याहून ठाण्याला आणि तिथून गाडी बदलून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी माणसं आपल्या आसपास असतात. अपंगांसाठीच्या डब्यावर चाकाच्या खुर्चीशेजारी खेकड्याचं चित्र असतं. कर्करोगाच्या रुग्णांनाही तिथे बसता येतं, हे ते सांगतं. केमोथेरपी घेऊन परतणारा माणूस बाहेरून धडधाकट दिसू शकतो. ‘तू इथे का बसलास’ या प्रश्नाला उत्तर देण्याचं बळ त्याच्यात नसतं. ते उत्तर दारावर आधीच रंगवून ठेवलेलं आहे. हा डबा फलाटावर जिथे थांबतो तिथे बीप-बीप आवाज सोडायची सोय अनेक स्थानकांवर आहे, म्हणजे ज्याला दिसत नाही तो कानाने जागा शोधतो. आणि ऑगस्ट २०२० मध्ये दादरच्या सिग्नलांवर चालणाऱ्या पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती लागली तेव्हा काहींना ते क्षुल्लक वाटलं. मला वाटलं नाही. रस्ता ओलांडणारं ‘माणूस’ म्हणजे कोण, हे चित्र रोज लाखो डोळ्यांना सांगत असतं.

करण्यासारखं खूप उरलं आहे. आपल्या घरातलीच गोळ्यांची पट्टी घ्या. नाव इंग्रजीत, मुदत संपायची तारीख चंदेरी कागदावर उठवलेली, आणि पहिल्या दोन गोळ्या कापून घेतल्या की बऱ्याचदा ती तारीख दुकानातच राहते. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. २०१६ मध्ये आरोग्य मंत्रालयाने तिची मोहीम काढली. आपल्या इमारतीत दहा जणांना ती रेघ दाखवून विचारा. त्यातले किती जण सांगू शकतात ते बघा. ही रेघ चांगली आहे, पण कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणासारखं तिला घरोघरी कुणी नेलं नाही.

जे. जे.मध्ये, आयडीसीत किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे : वर्षाचा प्रकल्प निवडताना एकदा नागरी आरोग्य केंद्राच्या बाकावर सकाळभर बसा. कोण कुठल्या खिडकीपाशी दोनदा जातं, कोण फलक न वाचता शेजारणीला विचारतं, कोण कागद उलटा धरतं, एवढं नुसतं लिहून काढा. तुमचा विषय तिथेच मिळेल.

आणि तुम्ही डिझायनर नसलात तरी हे तुमच्या हातात आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, शाळेच्या गेटवर, मंदिराच्या आवारात किंवा कारखान्याच्या यंत्रावर कुठलीही सूचना लावण्याआधी ती वॉचमन काकांना, झाडू मारणाऱ्या मावशींना, नव्याने कामाला लागलेल्या मुलाला दाखवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘यात काय सांगितलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारा. त्यांनी वेगळं काही सांगितलं तर ती सूचना फाडा आणि पुन्हा लिहा.